गाडीतला अँप्लिफायर आणि सबवूफर यांची सांगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाने ऑनलाइन मागवलेला अँप्लिफायर आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीतून काढलेला जुना वूफर (म्हणजे सबवूफर, बासचा मोठा स्पीकर), अशी जोडी पोत्यात बांधून दुकानात आणणारे ग्राहक आमच्या तालुक्याच्या गावात दर आठवड्याला येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॉटचा लावू? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी ओहम (वूफर विजेला किती अडवतो त्याचे माप) पाहावा, मग वॉट, आणि मग ती वीज गाडी पुरवू शकते की नाही हे पाहावे. लोकांनी पुन्हापुन्हा विचारलेल्या शंका आणि त्यांची मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

खोक्यावर ३००० वॉट छापले आहे. त्यातले खरे किती?

खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा ‘पीक’, ‘मॅक्स’ किंवा ‘पीएमपीओ’ या नावाखाली छापलेला असतो आणि जोडी जुळवताना त्याचा काहीही उपयोग नसतो. अँप्लिफायर सतत किती देऊ शकतो आणि वूफर सतत किती सोसू शकतो, हे सांगणारा आकडा ‘आरएमएस’ या नावाने दिलेला असतो, आणि तो अँप्लिफायरच्या बाबतीत नेहमी ओहमसोबतच वाचायचा असतो. माहितीपत्रकात सीटीए-२००६ (जुने नाव सीईए-२००६) या मानकाचा उल्लेख असेल, तर तो आकडा १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर आणि १ टक्क्याच्या आत विकृती ठेवून मोजलेला आहे असे समजावे.

माहितीपत्रक हाती नसेल तर अँप्लिफायरच्या अंगावरचा फ्यूज पाहावा. ३००० वॉट लिहिलेल्या एका अँप्लिफायरवर २५ अँपिअरचा एकच फ्यूज मी पाहिला आहे. गाडीचा दाब १४ व्होल्ट धरला तरी २५ अँपिअरला आत जाणारी वीजच ३५० वॉट होते, आणि जेवढी आत गेली त्याहून जास्त बाहेर येऊ शकत नाही. ‘क्लास डी’ प्रकारचा अँप्लिफायर त्यातले साधारण ८० टक्के, म्हणजे २८० वॉट वूफरकडे पोहोचवेल. जुन्या ‘क्लास एबी’ प्रकारात ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम २०० वॉट. फ्यूज क्षणिक जास्त प्रवाह सोसतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण खरेदीपूर्वी दुकानातच तोंडी करता येतो, एवढे त्याचे मोल आहे.

मग अँप्लिफायर वूफरपेक्षा मोठा घ्यावा की लहान?

दोघांचे आरएमएस आकडे जुळावेत, आणि फरक राहणारच असेल तर अँप्लिफायर थोडा मोठा असावा. ४०० वॉट आरएमएसच्या वूफरला ४०० ते ५०० वॉट देणारा अँप्लिफायर मी सुचवतो. मोठा अँप्लिफायर आपल्या क्षमतेच्या आत आरामात चालतो, आणि त्याचा गेन (येणारा संकेत किती वाढवायचा हे ठरवणारे बटन) खाली ठेवून वूफरला हवी तेवढीच शक्ती देता येते. मात्र गाडी चालवणारा हात सतत गेनच्या गोल बटनाकडे जाणारा असेल, तर अशा घरी मी बरोबरीचाच बसवतो.

कमी शक्तीच्या अँप्लिफायरने वूफर जळतो, हे खरे आहे का?

आपल्याकडे हा समज घट्ट रुजला आहे, आणि त्याचे मूळ मला विहिरीवरच्या मोटरपंपात दिसते. दाब कमी आला की मोटर जळते, हे विदर्भातल्या प्रत्येक शेतकऱ्याने खिशाला झळ लागून शिकलेले आहे. पण त्याचे कारण असे की पाणी उपसण्याचे काम तेवढेच राहते, आणि ते पार पाडण्यासाठी मोटर कमी दाबावर जास्त प्रवाह ओढते; त्या प्रवाहाने वाइंडिंग तापते. वूफरवर असा कोणताही बांधलेला भार नसतो. त्याला कमी वीज मिळाली तर तो कमी वाजतो, एवढेच. ४०० वॉटच्या वूफरला ५० वॉट स्वच्छ मिळत असतील तर तो वर्षानुवर्षे सुखाने वाजेल.

तरीही लहान अँप्लिफायरवर वूफर जळतात, ही गोष्ट खोटी नाही. आवाज पुरेना म्हणून माणूस गेन वाढवतो, बास बूस्ट वाढवतो, डेकचा (गाडीतल्या म्युझिक प्लेअरचा) आवाज शेवटपर्यंत नेतो, आणि अँप्लिफायर जेवढा व्होल्ट देऊ शकतो त्याच्या पुढचा भाग कापला जातो. गोल माथ्याची लहर सपाट माथ्याची होते. यालाच क्लिपिंग म्हणतात. लहर पूर्ण चौकोनी झाली, तर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती तिच्यात असते. म्हणजे २०० वॉटचा अँप्लिफायर असा रेटला की वूफरच्या कॉइलमध्ये (आतल्या तारेच्या वेटोळ्यात) ४०० वॉटच्या जवळपास उष्णता ओतू शकतो, आणि वूफर २५० वॉटचा असेल तर त्याचा निकाल त्याच रात्री लागतो. दोष कमी वॉटचा नसून रेटण्याचा असतो.

ओहम आधी पाहावा असे का म्हणता?

कारण वॉट चुकले तर आवाज कमीजास्त होतो. ओहम चुकला तर अँप्लिफायर जातो. हल्लीच्या बऱ्याच वूफरांत दोन कॉइल असतात. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर अँप्लिफायरला २ ओहम दिसतात. एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर ८. त्याचप्रमाणे २ ओहमच्या दोन कॉइल समांतर १ ओहम देतात आणि सिरीजमध्ये ४. ओहम जितका कमी, तितका अँप्लिफायर जास्त प्रवाह देतो आणि तितकाच जास्त तापतो. म्हणून वूफर घेण्याआधीच ठरवावे की अँप्लिफायरला किती ओहम दाखवायचे आहेत, आणि त्याप्रमाणे २ ओहमच्या कॉइलचा किंवा ४ ओहमच्या कॉइलचा वूफर मागवावा. आणलेल्या वूफरच्या कॉइल नंतर बदलता येत नाहीत.

अँप्लिफायरचे दोन चॅनल (स्पीकरसाठीचे स्वतंत्र मार्ग) एकत्र करून, म्हणजे ब्रिज करून जेव्हा एक वूफर चालवला जातो, तेव्हा प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम जाणवतो. चॅनलमागे २ ओहमपर्यंत चालणारा अँप्लिफायर ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालवू नये.

हे वाक्य मी पुस्तकी ज्ञान म्हणून लिहीत नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात मी एका बोलेरोत ४ ओहमच्या दोन कॉइलचा वूफर समांतर, म्हणजे २ ओहमवर जोडून ब्रिज केलेल्या अँप्लिफायरवर बसवला. पौष-माघात तो झकास वाजला आणि माझी छाती फुगली. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तेव्हा ती गाडी एका लग्नघरी मांडवाबाहेर उन्हात उभी होती आणि दर दुसऱ्या गाण्याला आवाज बंद पडत होता. मला बोलावणे आले. डिक्की उघडली, तर अँप्लिफायरच्या पात्यांवर हात ठेववत नव्हता आणि प्रोटेक्टचा लाल दिवा लागलेला होता. पाचदहा मिनिटे थंड झाला की तो पुन्हा सुरू व्हायचा. थंडीने माझी चूक चार महिने झाकून ठेवली होती. कॉइल सिरीजमध्ये घेऊन ८ ओहम केले. आवाज थोडा उतरला, पण लग्न पार पडले.

वूफरवरचे लेबल पुसले आहे. ओहम कसा ओळखावा?

वायर काढून मल्टिमीटर ओहमवर लावावा. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, २ ओहमची १.६ ते १.९. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो, तो आधी वजा करावा. लहान ओहमला तो फरक मोठा ठरतो.

एका अँप्लिफायरवर दोन वूफर चालतील का?

चालतील, पण दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच ओहमचे असावेत. दोन कॉइलच्या ४ ओहमच्या दोन वूफरांच्या चारही कॉइल समांतर जोडल्या तर १ ओहम होतो; प्रत्येक वूफरच्या कॉइल सिरीजमध्ये घेऊन मग दोन वूफर समांतर जोडले तर ४ ओहम. २ ओहमच्या कॉइलचे दोन वूफर असतील तर याच दुसऱ्या पद्धतीने २ ओहम मिळतात. सगळ्या समांतर केल्या तर अर्धा ओहम होतो, आणि तो सोसणारे अँप्लिफायर आपल्या बाजारात क्वचितच येतात. शक्ती दोघांत समान वाटली जाते. ३०० वॉटच्या दोन वूफरांना म्हणून एकूण ६०० वॉट लागतात, तेही जो ओहम आपण प्रत्यक्ष जोडला आहे त्या ओहमवर.

गेन किती ठेवावा?

सर्वांत जास्त वूफर मी या एका बटनामुळे गेलेले पाहिले आहेत. गेन म्हणजे आवाजाचे बटन नव्हे. डेककडून येणारा संकेत २ व्होल्टचा आहे की ४ व्होल्टचा, त्याप्रमाणे अँप्लिफायरचे तोंड लहानमोठे करण्याची ती सोय आहे. गेन निम्म्यावर आहे म्हणून अँप्लिफायर निम्मी शक्ती देतो, असे मुळीच नाही. डेकचा संकेत जोरदार असेल तर निम्म्या गेनवरही पूर्ण शक्ती निघून पुढे क्लिपिंग सुरू झालेले असू शकते.

मी मीटरने लावतो. वूफरला द्यायचे वॉट आणि जोडलेला ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले, की तेवढे व्होल्ट अँप्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर यायला हवेत. ४०० वॉट आणि २ ओहम असतील तर गुणाकार ८००, वर्गमूळ सुमारे २८.३. वूफरच्या वायर काढून ठेवाव्यात, बास बूस्ट आणि लाउडनेस बंद करावे, इक्वलायझर सपाट ठेवावा, लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झच्या वर आणि सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) सर्वांत खाली न्यावा. गाडी सुरू ठेवून डेकवर पूर्ण पातळीला ध्वनिमुद्रित केलेला ५० हर्ट्झचा सलग सूर लावावा आणि डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्यावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन हळूहळू फिरवत २८ पर्यंत आणावा आणि तिथेच सोडावा. ५० हर्ट्झ ही घरच्या विजेचीच वारंवारता आहे, त्यामुळे दोन-तीनशे रुपयांचा साधा मीटरही हा आकडा नीट दाखवतो.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. मीटर व्होल्ट सांगतो. लहर गोल आहे की कापलेली, हे सांगत नाही. अँप्लिफायर खरोखर ४०० वॉटचा असेल तरच २८ व्होल्टला स्वच्छ लहर मिळते. छापील आकड्यावर शंका असेल तर फ्यूजवरून काढलेले वॉट धरून हिशेब करावा. गेन लावून झाल्यावर मी त्यावर रंगाचा ठिपका देतो. दोन महिन्यांनी ठिपका सरकलेला दिसला, की घरातला कोण धाकटा गाडी घेऊन जातो हे न विचारताच कळते.

वायर आणि फ्यूज कोणत्या मापाचे घ्यावेत?

४०० वॉटच्या क्लास डी अँप्लिफायरला पूर्ण जोरावर सुमारे ५०० वॉट आत लागतात, १३.८ व्होल्टला ते ३६ अँपिअर होतात. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ५ मीटर वायर धरली, तर १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये साधारण ०.३ व्होल्ट हरवतात, १६ च्या वायरमध्ये ०.२. मी १६ वापरतो आणि ६० अँपिअरचा फ्यूज लावतो. बाजारात किटच्या नावाखाली मिळणारी बरीचशी वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते; तिची वहनक्षमता तांब्याच्या जवळपास दोन-तृतीयांशच, म्हणून ती घ्यायचीच झाली तर एक माप वरची घ्यावी. टोक खरवडून पाहिले की आतली चंदेरी तार लगेच दिसते.

वायरवरचा हा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून वायरसाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवावा. शेतावर किंवा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. उघडी पडलेली ती तार पत्र्याला टेकली आणि फ्यूज डिक्कीत अँप्लिफायरजवळ असेल, तर मधली सगळी वायर पेटते. मायनसची वायरही प्लसइतकीच जाड घ्यावी, बॉडीचा रंग खरवडून नंगा पत्रा काढावा, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. नाही तर पहिल्या पावसाळ्यातच तिथे गंज धरतो.

गाडी बंद ठेवून किती वेळ वाजवता येईल? कपॅसिटर लावल्याने फायदा होतो का?

लहान पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-अवरच्या आसपासची बॅटरी असते. गाण्यात बास सतत नसतो, म्हणून सरासरी प्रवाह १२ अँपिअर धरला तर दीड तासात ती निम्म्यावर येते. भरलेली बॅटरी विसावल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ दिसले की गाडी सुरू करावी. ही बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेली असते, वारंवार खोल उपसण्यासाठी नव्हे, आणि आपल्या उन्हाळ्यात तिचे आयुष्य आधीच घटलेले असते.

कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटकन देणारा डबा, याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १३.४ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे १४ ज्यूल ऊर्जा देतो. ५०० वॉट ओढणारा अँप्लिफायर ती सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याच्या आत संपवतो, आणि नंतर तो कपॅसिटर भरण्याचे कामही अल्टरनेटरवरच (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरच) येते. ठोक्यासोबत हेडलाइट मंद होत असतील तर आधी अर्थिंग (मायनसची बॉडीला केलेली जोडणी) आणि वायर तपासावी, मग बॅटरी, आणि सर्वांत शेवटी अल्टरनेटर.

ट्रॅक्टरवर सबवूफर बसवता येतो का?

बसवणारे पुष्कळ आहेत, आणि पोळ्याच्या आधी अशा कामांची माझ्याकडे रांग लागते. ट्रॅक्टरची वीज १२ व्होल्टचीच असल्याने गाडीचा अँप्लिफायर चालतो. बॅटरीही बऱ्यापैकी मोठी असते. पण अनेक ट्रॅक्टरांवरचा अल्टरनेटर ३६ अँपिअरच्या आसपासचा असतो, आणि त्यातच दिवे आणि बॅटरीचे चार्जिंग भागवायचे असते. म्हणून २०० ते २५० वॉटच्या पुढे मी जात नाही. ट्रकची वीज २४ व्होल्टची असते; तिथे १२ व्होल्टचा अँप्लिफायर थेट जोडला तर तो खराब होतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची चलाखीही करू नये, कारण दोन बॅटरींचे चार्जिंग असमान होऊन दोन्ही खराब होतात. त्यासाठी २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागतो.

वूफर बसवण्याच्या डब्याचा आणि वॉटचा काही संबंध आहे का?

बराच आहे. बंद डब्यातली हवा कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) मागून आवर घालते, त्यामुळे पूर्ण आरएमएस शक्ती तो निर्धास्त घेतो. भोक ठेवलेल्या, म्हणजे पोर्टेड डब्यात त्याच वॉटला आवाज जास्त निघतो, पण डबा ज्या वारंवारतेला लावला (ट्यून केला) आहे तिच्या खाली कोन मोकाट सुटतो आणि कमी वॉटलाही कॉइल मागे आपटते. असा डबा ३५ हर्ट्झला लावलेला असेल, तर सबसॉनिक फिल्टर ३० च्या आसपास हवाच. गावच्या सुताराकडून डबा करून घेताना मापे वूफरच्या कागदावरची द्यावीत आणि सांध्यांना आतून सिलिकॉन भरायला लावावे. सांध्यातून सुटणारी हवा वाया जाते आणि वर फुरफुर ऐकू येते.

४०० च्या जागी ८०० वॉट केले तर आवाज दुप्पट होईल?

नाही. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे फरक जाणवतो एवढेच. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यापेक्षा ३ डेसिबल जास्त संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वॉटला जास्त आवाज देणारा वूफर निवडला तर तेवढाच फायदा अल्टरनेटरवर भार न टाकता मिळतो.

उन्हाळ्यात आवाज उतरतो तो का?

कॉइलच्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांवरची कॉइल १५० पर्यंत तापली, तर तिचा रोध दीडपट होतो, आणि तेच व्होल्ट असूनही शक्ती घटते. चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागांत मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ च्या वर जाते. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ते त्याहून बरेच जास्त असते. अशा वेळी अँप्लिफायर डब्यावर उलटा किंवा गालिच्याखाली बसवू नये, त्याच्या पात्यांत साचलेली काळ्या मातीची धूळ ब्रशने काढावी, आणि काही गाण्यांनंतर आवाज मंदावला की गेन न वाढवता थोडी उसंत द्यावी. गरम कॉइलला जास्त शक्ती देणे म्हणजे तिला जाळण्याच्या दिशेने ढकलणे होय.

गावात हा आवाज कितपत चालतो?

ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली जाते. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. वरात कितीही रंगली तरी दहाला वूफर बंद करावा.

जुना वूफर विकत घेताना काय पाहावे?

दोन्ही हातांची बोटे कोनच्या मध्याभोवती समान टेकवून तो सरळ आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. कोन जागचा हललाच नाही तर ती फुगून अडकली आहे. मग मीटरने दोन्ही कॉइलचे ओहम मोजावेत, एक ३.५ आणि दुसरी २.१ दाखवत असेल तर दुसरीचे काही वेढे एकमेकांना चिकटले आहेत, आणि अँप्लिफायरला समांतर जोडणीत ठरल्यापेक्षा कमी ओहम दिसेल. शेवटी चुंबकाच्या मागच्या छिद्राला नाक लावून वास घ्यावा. जळालेल्या मोटरपंपाच्या वाइंडिंगचा वास ज्याने एकदा घेतला आहे, त्याला तो येथे लगेच ओळखू येतो, आणि मग किंमत विचारण्याची गरज राहत नाही.